दारू सोडायला गेलेला प्रमुख पाहुणा

१० नोव्हेंबर, सोमवार

काल दिशाचं डोहाळजेवण झालं आणि आज सकाळी तिचा फोन आला. मुलगी पवईच्या मोठ्या कंपनीत आहे, पण बोलते गिरणीच्या संपातल्या माझ्या बापासारखी. मागणी सांगते, मुदत सांगते आणि मागे हटत नाही.

घटना एवढीच. पोर फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती, बायका ओटी भरत होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, "चंद्रप्रकाशराव, दोन शब्द बोला." (माझी बायको जानकी, तिचं म्हणणं, असं कुणीही म्हणालं नाही.) मी बोललो. बाईच्या घरकामाला जगात मजुरी का नाही, हा विषय. हयातभर कारखान्याच्या गेटवर बोललेला माणूस मी, मला माइक लागत नाही. विषय रंगला. रंगता रंगता मी झोपाळ्याच्या खांबाला हात दिला. झोपाळेवाल्याने तो नीट बांधलेला नव्हता. जानकीने दिशाला हाताला धरून खेचलं. मग मी, झोपाळा आणि शेवंतीच्या माळा, सगळे खाली.

घेतली होती, नाही असं नाही. रविवार होता. पण पडलो तो खांबामुळे.

"बाबा, ऐका. मध्ये बोलायचं नाही."

"बोल."

"पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ना? मग दारू सोडणाऱ्यांचा गट शोधा आणि तिथे जाऊन बसा. पुढच्या महिन्यात माझी रजा सुरू होते. तोवर गट नसेल तर मी येत नाही. आईलाच इकडे आणते. तुम्ही राहा तिथे, तुमची पुस्तकं आणि तुम्ही."

"दिशा, व्यसन हा मुळात व्यवस्थेचा..."

"बाबा!"

जानकी पलीकडे तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझी पिशी भरलेली आसा. काय ता तुमी ठरवा."

बायको जाणार या कल्पनेने घर आत्ताच मोठं वाटायला लागलं आहे. उद्यापासून शोध. जे काम हाती घेतलं ते मी तडीला नेतोच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हेल्पलाइनच्या माणसाने एका दमात एवढे पत्ते सांगितले की मला वाटलं वडापावच्या गाड्या मोजतोय. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, प्रत्येक ठिकाणी गट! उपनगरांत इतके लोक दारू सोडताहेत आणि मला पत्ताच नाही. मी बसतो तिथून हे चित्र दिसत नाही.

नावं मात्र एकजात सकाळची. कुणी पहाट, कुणी प्रभात, कुणी अरुणोदय. अरे, पिणाऱ्याला सगळ्यात नकोशी वेळ सकाळ, आणि तिचीच पाटी दारावर!

संध्याकाळी एका गटापर्यंत गेलो. दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यातच आतून एका सुरात प्रार्थना ऐकू आली आणि माझे पाय थबकले. विसाव्या वर्षापासून मी कुठल्याही देवापुढे हात जोडलेले नाहीत. कोकणात गणपतीला जातो तो मोदकांसाठी. आता म्हातारपणी, केवळ यकृतासाठी, विचारांशी गद्दारी करू? पहिल्या मजल्यावरूनच परत फिरलो. छाती अभिमानाने भरून आली होती. ती नेहमीच्या परमिट रूममध्ये जाऊन थोडी शांत केली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय दिवस! हात थरथरतोय, अक्षर वाकडं येतंय, तरी आत्ताच लिहिलं पाहिजे.

बोरिवली पूर्वेलाच एक गट शाळेच्या वर्गात भरतो. दुपारी फोन करून येतो म्हणून कळवलं. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, जरा लवंग चघळली आणि गेलो. म्हटलं, मागे उभं राहून पाहावं, प्रार्थना असेल तर सटकावं. दारात एक बाई उभ्या. शर्मिष्ठाताई. साठीच्या, कडक इस्त्रीची साडी, निवृत्त शिक्षिका. समाजसेवेची आवड असलेल्या बायका ओळखू येतात. मला पाहताच दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "या, या! तुमचीच वाट पाहत होतो."

माझीच! मग एकाने गुलाबाचं फूल दिलं. दुसऱ्याने थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाकडेही फूल नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझं नाव ऐकून यांनी मला वक्ता म्हणून बोलावलं आहे! गेटसभा बंद झाल्या म्हणून लोक विसरले असं मी समजत होतो. लोक विसरत नाहीत.

आता खरं सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी वक्ता म्हणून आलेलो नाही, तुमच्यातला एक म्हणून आलोय. दोन वेळा तोंड उघडलं. पण फूल हातात होतं.

चहा आला. कप अर्धाच भरलेला! बाकीच्यांचे काठोकाठ. पाहुण्याला अर्धा कप ही कुठली रीत? मुंबईत मनं कोती झाली आहेत, दुसरं काय.

प्रार्थनाही झाली, पण व्यासपीठावरच्या माणसाला मधेच उठता येत नाही. मग दोघेतिघे काहीबाही बोलले. मी मुद्दे जुळवत होतो, लक्ष नव्हतं. शेवटी शर्मिष्ठाताई म्हणाल्या, "चंद्रप्रकाश, दोन शब्द बोलणार का? आग्रह नाही."

आग्रह नाही! मी उठलो आणि जे सुटलो! महसुलासाठी सरकार दुकानांना परवाने देतं इथपासून सुरुवात केली आणि मळी, साखर कारखाने, मजुराची थकलेली संध्याकाळ असं करत माणसाच्या एकटेपणापर्यंत आलो. मधेच शाळेची घंटा वाजत होती. शनिवारी संध्याकाळी कुठली शाळा असते कोण जाणे. मी आवाज चढवला.

टाळ्या नाहीत. सगळे एका आवाजात एवढंच म्हणाले, "धन्यवाद, चंद्रप्रकाश." राव नाही, साहेब नाही. आधी खटकलं, मग आवडलं. अशी समता आमच्या संघटनेतही नव्हती.

निघताना तर कहर झाला. माणसांनी वेढलं. "उद्या मुलुंडला या." "परवा घाटकोपरला या." "सुरुवातीला रोज कुठे ना कुठे या." ज्याने त्याने आपला नंबर दिला. "वाटेल तेव्हा फोन करा, बिनधास्त." आणि शेवटी सगळे हातात हात धरून ओरडले, "परत या!" तमाशात वन्स मोअर ऐकला होता, व्याख्यानाला आज पहिल्यांदा.

घरी आल्यावर आनंदात थोडी घेतली. जानकीने गुलाब पाहिला, मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. कौतुक लपवता येत नाही तिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दौरा जोरात. रविवारी मुलुंड, सोमवारी घाटकोपर, काल अंधेरी. सगळीकडे तेच स्वागत. नवा गट, नवं फूल, पहिली खुर्ची आणि तो अर्धा कप. बहुधा वरूनच आदेश असावा.

मुलुंडच्या गटाची तर कमाल. तिथल्या एका गृहस्थाने माझा हात हातात घेतला, बघत राहिला आणि म्हणाला, "एकट्याने, एकदम बंद करायचं नाही हं. डॉक्टरांना विचारून करायचं. चला, मी येतो बरोबर." आणि रिक्षात घालून नेलंच. गोळ्या, रक्ततपासणी, दहा प्रश्न. वक्त्याच्या प्रकृतीची एवढी काळजी कुठल्या मंडळाने घेतली होती आजवर? मलेरिया झाला तेव्हा संघटनेने हार पाठवला होता.

गोळ्यांबरोबर घ्यायची नाही म्हणे. तसाही वेळ कुठे आहे? लिंक रोडच्या बसमध्ये भाषणाचे मुद्दे काढतो, मेट्रोत पाठ करतो, घरी येतो तो झोपायलाच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दिशाचा फोन.

"बाबा, गट मिळाला?"

"गट? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली! रोज जातो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"रडतेस काय गं?"

"काही नाही. आठव्यात असंच होतं. बाबा, मी तेरा तारखेला येते. शनिवारी. माझी खोली रिकामी करा, पुस्तकं हलवा."

मी एकही शब्द खोटा बोललेलो नाही. रोज जातो हे खरंच आहे. कुठल्या नात्याने जातो, हे तिने विचारलं नाही. दौरा संपला की स्वतःसाठी एखादा गट शांतपणे शोधीन. जरा लांबचा. जिथे मला वक्ता म्हणून कुणी ओळखत नसेल. मनोरीला असेल का एखादा? बोटीतून जाता येईल.

पुस्तकं हलवली. मागच्या रांगेतली बाटलीही हलवली. जानकी म्हणाली, "ती खय ठेवतास?" म्हटलं, बघतो. पूर्वी ओतून द्यायची, भांडायची. हल्ली भांडतच नाही. तिच्या स्वभावात फार चांगला बदल झाला आहे. गुरुवारी कुठेशी बायकांच्या बैठकीला जाते, त्याचा परिणाम असणार.

४ डिसेंबर, गुरुवार

अनर्थ. सविस्तर लिहितो, कारण उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

घाटकोपरचा गट. आज स्त्री आणि व्यसन हा विषय तयार करून नेला होता. आत गेलो तर माझ्या खुर्चीवर एक इसम! चुरगळलेला शर्ट, डोळे लाल, वास दारापर्यंत. आणि त्याच्या हातात गुलाब! मला दुसऱ्या रांगेत सरकावं लागलं. इतक्यात चहावाल्याने त्याच्यापुढे अर्धा कप ठेवला. आणि माझ्यापुढे काठोकाठ भरलेला.

शेजारी पाहतो तर नितेश. आमच्या बोरिवलीच्या परमिट रूममधला, कोपऱ्यातल्या टेबलाचा नितेश! दोन वर्षांपूर्वी एकाएकी दिसेनासा झाला. आम्ही म्हणायचो दुबईला गेला. चांगला गुबगुबीत झाला होता.

"काका! तुम्ही इथे? झकास!"

"हळू बोल. मी इथे पाहुणा म्हणून येतो. पण हे काय चाललंय? एका सभेला दोन प्रमुख पाहुणे?"

"कोण प्रमुख पाहुणा?"

"तो काय, फूलवाला. माझ्या खुर्चीवर बसलाय."

नितेश माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला असं हसू आलं की चहा नाकातून आला. ठसका लागला. मागच्याने पाठ थोपटली.

"काका, यार... तो आज पहिल्यांदा आलाय. पहिल्यांदा येईल त्याला फूल देतात. पुढे बसवतात. दोन शब्द बोलणार का, विचारतात. तुम्हाला वाटलं तुम्ही..."

पुढे त्याला बोलवेना.

"आणि अर्धा कप?"

"हात थरथरतो ना नवीन माणसाचा. भरलेला दिला तर अंगावर सांडतो. लाज वाटते. म्हणून अर्धा. तुमचा बघा, आज भरलेला आहे. म्हणजे थांबली थरथर."

मी कपाकडे पाहिलं. हात स्थिर होता. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता.

"म्हणजे यांना सगळ्यांना... पहिल्या दिवसापासून..."

"लवंग खाऊन गेला असाल ना? आम्ही पण खायचो. ती घंटा वाजवतात ना, ती तुमची वेळ संपली म्हणून वाजवतात, काका. पाच मिनिटं मिळतात फक्त. तुम्ही किती घेतली?"

समोर तो लाल डोळ्यांचा माणूस उठून काहीतरी अडखळत सांगत होता आणि सगळे जण माझं ऐकायचे तसेच शांत ऐकत होते. अगदी तसेच. मला वाटायचं माझ्या शब्दांनी ते भारावलेत.

सभेतून मधेच उठून निघालो. मागून शर्मिष्ठाताईंचा आवाज आला. त्या आज इथे आल्या होत्या. "चंद्रप्रकाश, परत या हं!"

५ डिसेंबर, शुक्रवार

काल घेतली. पाहिजे तेवढी. मेट्रोतून उतरून सरळ तिथेच गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून भाषण केलं. विषय होता, दयेपेक्षा मोठा अपमान नाही. वेटर म्हणाला, "बरोबर आहे साहेब, अजून एक आणू?" संबंध उपनगरांत मला अजून साहेब म्हणणारा तो एकच.

घरी कसा आलो माहीत नाही. सकाळी उठलो तर जानकीची पिशवी दाराजवळ. अबोली साडीचं टोक बाहेर आलेलं.

"दिशाक मी काय सांगू?" तिने विचारलं.

"काही सांगू नकोस."

"मी न्हाय सांगूचंय. ता तुमचा काम."

आणि भाकऱ्या थापायला गेली. रागही नाही! मी म्हटलं, मला निदान शिव्या तरी घाल. तर म्हणते, "माका येळ न्हाय. आज उपास तुमचो, जेवण माजा." गुरुवारच्या त्या बैठकीत शिकली असणार, म्हणजे काय, देव जाणे. मी देव मानत नाही हे खरं.

मुलुंडच्या गृहस्थांना फोन केला. ज्याने त्याने नंबर दिलेच होते. त्यांनी ओरडायचं सोडून विचारलं, "पाणी प्यालात का? गोळ्यांचं डॉक्टरांना कळवू या, मी येतोच." अशा माणसाशी वाद घालता येत नाही. मला वाद न घालता येणारी माणसं नको वाटतात.

९ डिसेंबर, मंगळवार

चार दिवस तोंड उघडलं नाही. आज दिशाला फोन केला. उभा राहून केला. बसून असली गोष्ट बोलता येत नाही.

"दिशा, मी गटात जात नव्हतो. म्हणजे जात होतो, पण प्रमुख पाहुणा म्हणून. मला वाटलं मला भाषणाला बोलावलंय. आणि तू विचारलंस तेव्हा मी ते सांगितलं नाही. आणि गुरुवारी घेतली."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

"तुम्ही तिथे भाषण केलंत?" ती म्हणाली. "दारू सोडणाऱ्यांपुढे?"

"सगळ्या गटांत."

"कशावर?"

"मुलुंडला साखर कारखान्यांवर. अंधेरीला मार्क्सवर."

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग जोरात. "थांबा बाबा, थांबा, तो लाथा मारतोय." मी थांबलो. मलाही हसू यायला लागलं. मग तिचं हसणं मधेच तुटलं.

"बाबा, त्या दिवशी झोपाळा माझ्या पोटावर पडला असता."

मी खांबाबद्दल काही बोललो नाही.

"शनिवारी बोरिवलीचा गट असतो ना? किती वाजता?"

"साडेसहाला."

"मग मी सात वाजता घरी येणार. दार आईने उघडलं पाहिजे. तुम्ही उघडलंत तर मी लिफ्टमधूनच परत जाणार, आईला घेऊन. कळलं?"

म्हणजे मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आणि बापाने घरी असता कामा नये. भाकरतुकडा ओवाळताना मी नसणार. मी स्वागताचे दोन शब्द तयार करायला घेतले होते.

फाडून टाकले.

१३ डिसेंबर, शनिवार

सहा वाजताच शाळेत पोचलो. कुणी वाट पाहत नव्हतं. शर्मिष्ठाताई बाक सरकवत होत्या. म्हणाल्या, "आलात? ते टोक धरा." माझ्या सभेला नेहमी दुसऱ्यांनी सतरंज्या घातल्या. बाक इतका जड असतो हे माहीत नव्हतं.

फूल नाही. चौथ्या रांगेत, खिडकीपाशी बसलो. आधी शर्मिष्ठाताई उठल्या. "मी शर्मिष्ठा, मी दारुडी आहे." मी दचकलो. वर्गात शिकवताना पाण्याच्या बाटलीतून काय प्यायच्या, कुणाच्या आईने कसं ओळखलं, सगळं सांगितलं. आवाज न चढवता. त्या दर शनिवारी हेच सांगत असणार, मी समोर पहिल्या खुर्चीत बसलेला असताना. मी माझे मुद्दे जुळवत होतो.

माझी पाळी आली. भिंतीवर घड्याळ होतं. सात वाजले होते.

म्हणालो, "मी चंद्रप्रकाश. मी दारुडा आहे. नऊ दिवसांपूर्वी घेतली. या घटकेला माझी मुलगी लिफ्टमधून वर येत असेल. मी घरी नाही म्हणून ती येतेय. मी घरी असतो तर..."

मग पुढे बोलत राहिलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. प्रास्ताविक नव्हतं, एकही आकडा नव्हता, उपमा तर नव्हतीच. झोपाळ्याचं सांगितलं. खांब नीट बांधलेला होता हेही सांगितलं. मग डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी मी पुस्तकांमागे बाटली कशी लपवली होती ते सांगायला लागलो आणि घंटा वाजली. वाक्य अर्ध्यावर होतं. क्रियापदसुद्धा आलं नव्हतं.

खाली बसलो.

"धन्यवाद, चंद्रप्रकाश," सगळे म्हणाले.

इतकं वाईट भाषण मी उमेदवारीच्या काळातही केलं नव्हतं. गंमत अशी, की वर्गातून बाहेर पडताना मला धावावंसं वाटत होतं. जिन्यावर तर मी चक्क दोन पायऱ्या गाळल्या. रिक्षावाल्याला म्हटलं, चल, मुलगी आलीय. तो म्हणाला, मुबारक हो. तो समजला, आत्ता झाली.

दाराबाहेर दिशाच्या चपला होत्या. एकीचा बंद सैल केलेला, पाय सुजलेत तिचे. उंबऱ्याजवळ पाणी सांडलेलं. बेल वाजवायच्या आत जानकीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"चेडवाक आत्ता झोप लागलीहा. एक शब्द मोठ्यान बोललात तर बघा."

तिची पिशवी दारापाशी नव्हती. कुठे गेली हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. दिशा तिच्या पलंगावर कुशीवर झोपली होती, पायांखाली दोन उशा.

स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून जेवलो. सोलकढी, भात, बांगडा. जानकीने विचारलं, गटात काय सांगितलं? मी सांगायला लागलो. अगदी हळू, कानाशी, पहिल्यापासून. ती माशाचे काटे काढत ऐकत होती. चाळीस वर्षांत माझ्या एकाही भाषणाला ही बाई शेवटपर्यंत थांबली नव्हती. आज ताट सुकलं तरी उठली नाही.

म्हटलं, "आज कशी काय बसलीस एवढी?"

"आज हळू बोलतास," ती म्हणाली. "असा बोललात तर माका आयकाक येता."